खेळताना डोक्याला मार लागला : व्यायाम कधी, मोबाइल किती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धान-कापूस घरी येऊ लागला की विदर्भात गावोगावी कबड्डीचे रात्रीचे सामने सुरू होतात. हॅलोजनच्या उजेडात, कडक मातीवर, चौदा-पंधरा वर्षांची पोरंही मोठ्यांच्या संघात उतरतात. कुणाचा गुडघा कुणाच्या कानशिलावर बसतो, कुणी पकडीत उताणा आपटतो. खो-खोत खांबावर डोकं आदळतं, क्रिकेटमध्ये चेंडू लागतो. अशा मारानंतर पालक, क्रीडाशिक्षक आणि खुद्द खेळाडू जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. वय साधारण १२ ते १८ धरलं आहे.

पोट्टा बेशुद्ध पडला नाही, उठून परत खेळला. मग काही झालं नसंल ना?

झालेलं असू शकतं. मेंदूला बसलेल्या अशा धक्क्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात आणि त्यातल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. धक्क्यामुळे मेंदूच्या पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणून बाहेरून साधं टेंगूळही नसताना मुलाचं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, एकच प्रश्न तो तीनदा विचारतो, स्कोअर विसरतो, नाहीतर नुसता गप्प बसून राहतो. काही लक्षणं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात.

उठून परत खेळला म्हणजे ठीक आहे, असं नाही. गावासमोर, तेही फायनलमध्ये, कोणता पोरगा आपणहून बाहेर बसेल?

मैदानावर लगेच काय करायचं?

त्याला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. शंका असली तरी नाही. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेराला टी-ट्वेंटी सामन्यात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तेव्हा त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला, हे अनेकांना आठवत असेल. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बदली खेळाडू देण्याचा नियम २०१९पासून आहे. गावच्या स्पर्धेत तो नसला, तरी पंच आणि दोन्ही कर्णधार मिळून ठरवू शकतात.

मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला हलवू नका. खांद्याला धरून बसतं करणं, तोंडावर पाण्याचे हबके मारणं, कांदा फोडून हुंगवणं, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणं, यातलं काहीही करू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं तर नवंच संकट उभं राहतं.

कशात अजिबात थांबायचं नाही?

दोनपेक्षा जास्त वेळा उलटी, झटका, वाढतच जाणारी डोकेदुखी, जागं करूनही जाग न येणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, ओळख न पटणं, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणं. यातलं एकही दिसलं तरी १०८ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या चारचाकीने सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. नजर उतरवणं आणि देवरशी नंतर. मेंदूत रक्तस्राव होत असेल तर अर्ध्या तासानेही फरक पडतो.

झोपू द्यायचं का? आजी म्हणते, डोक्याला लागलेल्याला झोपू देऊ नये.

डॉक्टरांनी तपासलं असेल आणि वरची धोक्याची लक्षणं नसतील, तर खुशाल झोपू द्या. बरं व्हायला झोप लागतेच. दर तासाला हलवून उठवायची गरज नाही. पहिली रात्र कुणीतरी शेजारी झोपावं, एवढं मात्र पाहा.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. तरी डोकं काऊन दुखते?

कारण सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन म्हणजे पेशींच्या कामातला बिघाड आणि तो त्या फोटोत उमटत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे याचा अर्थ जिवाला लगेच धोका नाही. पोरगा नाटक करतोय, असा त्याचा अर्थ नाही. नागपूरपर्यंत जाऊन, पैसे खर्चून ‘काही निघालं नाही’ म्हटल्यावर घरच्यांचा सूर बदलतो. ते पोराला फार लागतं.

मग किती दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचं?

पूर्वी डॉक्टरही तेच सांगत: सगळं बरं होईपर्यंत पडून राहा. आता तसं सांगत नाहीत. अमेरिकेत २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांचे दोन गट केले होते. एकाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार. पाच दिवस पडून राहिलेल्यांनीच जास्त लक्षणं सांगितली.

कॅनडात तीन हजारांवर मुलांची नोंद ठेवली गेली. पहिल्या आठवड्यात थोडीफार हालचाल सुरू केलेल्यांपैकी २४.६ टक्के मुलांना महिन्यानंतरही त्रास होता. काहीच न केलेल्यांमध्ये हा आकडा ४३.५ टक्के होता. ज्यांना कमी लागलं तीच लवकर उठली असतील, हा आक्षेप बरोबर आहे. पण दोन्ही गटांतली सारख्या स्थितीतली मुलं निवडून तुलना केली, तरी फरक उरलाच.

तेव्हा पहिले २४ ते ४८ तास सैल विश्रांती. अंघोळ, जेवण, अंगणात फिरणं, ओट्यावर बसणं, सगळं चालतं. त्यानंतर उठायचं.

इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून जरा स्पष्टच लिहितो. विश्रांती दोन गोष्टींपासून घ्यायची असते. एक, डोक्याला पुन्हा मार बसेल अशा खेळापासून, आणि ती लांब असते. दुसरी, अंग हलवण्यापासून, आणि ती दोन दिवसांत संपते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोराला पंधरा दिवस खाटेवर झोपवतात, ‘कंटाळला बिचारा’ म्हणून हातात मोबाइल देतात, आणि सोळाव्या दिवशी स्पर्धा आली की थेट मैदानात उतरवतात.

मोबाइलने खरंच फरक पडतो, की ही मास्तरांची जुनीच तक्रार?

पहिल्या दोन दिवसांत पडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयाच्या १२५ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना स्क्रीन वापरायची मुभा होती, निम्म्यांना ४८ तास टाळायला सांगितलं होतं. मुभा असलेल्यांतल्या निम्म्या जणांचा त्रास संपायला ८ दिवस लागले, टाळणाऱ्यांतल्या निम्म्यांचा साडेतीन दिवसांत संपला.

त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. टाळणाऱ्यांनीही स्क्रीन पूर्ण बंद केली नव्हती. दोन दिवसांत मिळून सुमारे १३० मिनिटं पाहिलीच. मुभावाल्यांनी पाहिली ६३० मिनिटं. म्हणजे घरात एखादा व्हिडिओ कॉल झाला, मामाने फोटो दाखवला, म्हणून सगळं फुकट गेलं असं समजू नका. रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या रील्स आणि बीजीएमआयसारखे मोबाइल गेम तेवढे थांबवा. टीव्हीही यातच धरायचा.

असं का होतं, याचं एकच कारण नाही. झरझर सरकणाऱ्या चित्रांमागे धावताना डोळ्यांवर आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, झोप मोडते, आणि मोबाइल हातात असलेलं पोरगं जागचं हलत नाही.

दोन दिवस तो करील तरी काय?

साधा फोन कानाला लावून मित्राशी बोलता येतं. आवाज कमी ठेवून रेडिओ किंवा भजनं ऐकता येतात. तुरीच्या शेंगा सोलायला बसवा, बैलांना पाणी दाखवायला पाठवा. पत्ते चालतात. घरातल्या बाकीच्यांनीही दोन दिवस मोबाइल जरा आड ठेवला तर बरं. सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले आणि त्यालाच तेवढी बंदी, असं टिकत नाही.

दोन दिवसांनंतर मोबाइल महिनाभर बंद ठेवावा काय?

नाही, त्याचाही उपयोग दिसत नाही. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात खूप स्क्रीन पाहणारी आणि अगदीच कमी पाहणारी, अशा दोन्हींना पहिल्या महिन्यात जास्त त्रास आढळला, आणि मध्यम वापरणारी बरी होती. शाळेचा ग्रुप, मित्र, अभ्यास सगळं त्याच डबड्यात असतं. ते तोडलं की पोरगं एकटं पडतं.

सुरुवात १५-२० मिनिटांनी करा, मग डोळ्यांना आराम. ब्राइटनेस कमी ठेवा, अक्षर मोठं करा. डोकं जड झालं की थांबा आणि पुढच्या वेळी थोडं कमी पाहा. ऑनलाइन क्लास असेल तर स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐकलं तरी अर्धं काम होतं. झोपण्याआधी एक तास मोबाइल दुसऱ्या खोलीत. हा नियम बरं झाल्यावरही ठेवायला हरकत नाही.

व्यायामाने बरं होते म्हणता. ह्याला पुरावा काय?

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडूंचे दोन गट केले. एक गट रोज सुमारे २० मिनिटं दम लागेल असा, पण ठरवलेल्या मर्यादेतला व्यायाम करायचा. दुसरा नुसतं अंग ताणायचा. व्यायामवाले १३ दिवसांत बरे झाले, ताणवाले १७. हे निष्कर्ष २०१९मध्ये आले. २०२१मध्ये ११८ खेळाडूंवर पुन्हा तपासलं, तेव्हा १४ आणि १९ दिवस लागले, आणि महिन्याहून जास्त रेंगाळणाऱ्यांचं प्रमाण व्यायामवाल्यांत जवळपास निम्म्याने घटलं.

चार-पाच दिवसांचा फरक काहींना किरकोळ वाटेल. पण जिल्हास्तरीय सामना आठ दिवसांवर असलेल्या मुलाला विचारा.

आमच्याकडे ट्रेडमिल नाही, ती मशीन नाही. मर्यादा कशी ठरवायची?

बफेलोत ट्रेडमिलवर चालवून, नाडीचे मिनिटाला किती ठोके झाले की त्रास वाढतो ते पाहतात आणि त्याच्या ९० टक्क्यांवर व्यायाम देतात. गावात हे जमणार नाही, पण नाडी मोजता येते. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहायचा, १५ सेकंदांत ठोके मोजून चारने गुणायचे.

२२०मधून वय वजा करा. १६ वर्षांच्या मुलाचे २०४ झाले. हलक्या व्यायामाची मर्यादा त्याच्या ५५ टक्के, म्हणजे मिनिटाला ११२ ठोके, म्हणजेच १५ सेकंदांत २८. मध्यम व्यायामाची ७० टक्के, म्हणजे १४३. १५ सेकंदांत साधारण ३६. तिसऱ्या दिवशी हलक्याने सुरू करायचं: कॅनॉलच्या सरळ रस्त्यावर किंवा पांदणीने १५-२० मिनिटं झपझप चालणं. शाळेत एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल असेल तर उत्तमच. ते दोन दिवस पचलं की मध्यमवर जायचं. नाडी मोजणं जमलंच नाही, तर चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी खूण पुरे. सोबत कुणीतरी असावं, आणि सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारावं.

पळत्या सायकलवर मात्र अजून बसवू नका. गरगरलं की पुन्हा डोक्यावरच पडेल.

चालताना डोकं दुखायला लागलं तर बंद?

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगा. निघताना ३ होते आणि चालताना ४ किंवा ५ झाले, तासाभरात परत ३वर आले, तर चालतं. त्याने मेंदूला इजा होत नाही. दोनपेक्षा जास्त गुणांनी वाढलं किंवा तासाभरात उतरलं नाही, तर त्या दिवशी थांबायचं आणि उद्या थोडं कमी करायचं. वहीच्या मागच्या पानावर तारीख, आधीचे गुण, नंतरचे गुण, एवढं लिहून ठेवलं की डॉक्टरांकडे बोलायला काहीतरी हातात असतं. नाहीतर तिथे ‘दुखते कधी कधी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

उन्हाळ्यात कसं करायचं?

मार्च संपला की सकाळी सातच्या आत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा उन्हानेच डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मग हे मार लागल्याचं की उन्हाचं, ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी घेत राहा.

शेतातली कामं सांगू शकतो का?

कापूस वेचणं, गुरांमागे चालणं, हलकी निंदणी यांना पहिल्या दोन दिवसांनंतर हरकत नाही, ऊन टाळा. थ्रेशरजवळ उभं राहणं, झाडावर चढणं, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणं, पोती उचलणं, हे नको. हात-डोळ्यांचा मेळ काही दिवस उशिरा बसतो.

फवारणी तर बिलकुल नको. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. औषध अंगात गेलं तरी डोकेदुखी आणि उलटीच होते. मग मेंदूची लक्षणं कोणती आणि विषाची कोणती, हे ओळखायलाच वेळ जाईल. खर्रा खाणाऱ्या पोरांनाही हेच सांगतो. तंबाखूनेही गरगरतं आणि मळमळतं. हे एक निमित्त समजून सोडून टाका.

शाळा? आणि यंदा बारावी आहे.

पूर्ण बरं होईपर्यंत घरी ठेवायची गरज नाही. घरी अर्धा तास वाचून डोकं टिकतं का पाहा, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. फळ्यावरचं उतरवताना त्रास होत असेल तर वही मित्राकडून घ्या. खिडकीपासून दूर बसवा. चाचणी परीक्षा आठवडाभर पुढे ढकलायला वर्गशिक्षकांना सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की बहुतेक ठिकाणी ऐकतात. शाळेचं पूर्ण वेळापत्रक पेलल्याशिवाय सामना नाही.

मैदानात परत कधी?

मार लागल्यापासून १५ दिवस झाले म्हणून नाही. पायऱ्या चढून जायचं, आणि प्रत्येक पायरीवर किमान २४ तास. २०२२मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिथल्या शिफारशी कबड्डीच्या भाषेत सांगतो.

आधी रोजची कामं. मग वर सांगितलेला चालण्याचा व्यायाम, हलका आणि नंतर मध्यम. मग एकट्याने खेळाचा सराव: पायांची चपळाई, बोनस रेषेपर्यंत जाऊन परतणं, समोर कुणीही नाही. इथपर्यंत थोडंफार दुखत असलं तरी चालतं. चौथ्या पायरीला संघासोबत सराव, पण पकड नाही, साखळी नाही. ही पायरी सगळी लक्षणं गेल्यावरच, आणि घाम निघेपर्यंत व्यायाम करूनही ती परतली नाहीत तरच. पाचव्या पायरीला डॉक्टरांच्या लेखी परवानगीने पकडीचा सराव. शेवटी सामना. चौथ्या पायरीपासून पुढे कधीही त्रास परतला, तर तिसरीवर उतरायचं.

बहुतेक मुलांना सगळं मिळून महिन्याच्या आत जमतं. परवानगी प्राथमिक आरोग्य केंद्रातले एमबीबीएस डॉक्टर देऊ शकतात. शंका असेल तर ते पुढे पाठवतात. नागपूरचं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स, वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि सावंगी इथे मोठी रुग्णालयं आहेत.

फायनलपुरती डोकेदुखीची गोळी देऊन उतरवलं तर?

नाही. गोळीने दुखणं झाकलं जातं, मेंदू बरा होत नाही. आधीचा मार भरून निघण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि काही मिनिटांत जीव जातो. असं बहुतेक किशोरवयीन मुलांतच घडलेलं आहे. ट्रॉफीवर कोणत्याही सरपंचाचं किंवा आमदाराचं नाव असो, हा सौदा करू नये. घरी दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या. पहिले दोन दिवस ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा.

मुलींना वेगळं काही?

पायऱ्या त्याच. काही अभ्यासांत मुलींची लक्षणं जास्त दिवस टिकलेली दिसतात. आपल्याकडे वेगळी अडचण आहे: मुलगी घरी आली की स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं तिच्याच अंगावर. पहिले दोन दिवस तिला चुलीच्या धुरातून आणि हंड्याखालून सुट्टी द्या. आणि ‘लागलं ना, आता खेळ बंद’ हा निकाल मुलाला देत नसाल तर तिलाही देऊ नका.

पोरगं चिडचिड करते, रडते. आधी असं नव्हतं.

हे लक्षणांपैकीच आहे. शिवाय संघ सुटल्याची खंत. मैदानावर बसून गुण लिहायला बोलवा, पंचांच्या शेजारी बसवा. दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, झोप उडाली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोललं, तर डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं.

महिना झाला, अजून गरगरते.

मग नुसती वाट पाहू नका. मान, डोळे, कानातला तोल, झोप आणि मन, यातलं काय अडकलंय ते तपासून वेगवेगळे उपचार असतात. मानेचे आणि तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. जाताना दुखण्याच्या गुणांची ती वही सोबत न्या.

भरतीची तयारी चालू आहे. १६०० मीटर कधी धावू?

मध्यम व्यायाम दोन-तीन दिवस विनात्रास झाला की सपाट मैदानावर हळू धावणं सुरू करता येतं. घड्याळ लावून पूर्ण जोराने धावणं सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. रस्त्याच्या कडेला अंधारात धावू नका. गोळाफेकीचा सराव १६०० मीटर जमल्यानंतर सुरू करा. जोर लावताना श्वास कोंडला की डोक्यातला दाब वाढतो, आणि रेंगाळलेली डोकेदुखी तिथेच पुन्हा उसळते.